पलीकडचा दांडा

सुताराचा राग पायावरून आहे असं सगळ्यांना वाटायचं. चूक. पाय गेला तो गेला. डावा, गुडघ्याच्या खालून. त्या जागी आता कातडी पट्ट्यांचा पाय होता. जिना चढताना तो कुरकुरायचा आणि सुतार त्याला शिव्या घालायचा, एवढाच दोघांचा संबंध. राग होता तो एका वाक्यावर. पाय कापल्यावर मेव्हणा दवाखान्यात खाटेशेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, मी दांडा दाबला होता." त्या दिवसापासून बायकोच्या सख्ख्या धाकट्या भावाला या घराचा उंबरा बंद झाला.

"विसरलो म्हणाला असता तर मी त्याच दिवशी सोडून दिलं असतं," सुतार म्हणायचा. "माणूस विसरतो. मी कानावर पेन्सिल ठेवून घरभर पेन्सिल शोधतो. पण माझ्या कापलेल्या पायापाशी उभं राहून खोटं बोलायचं म्हणजे काळीज किती निबर पाहिजे."

बायको यावर बोलायची नाही. ती गप्प बसली की भांडी जरा मोठ्यानं वाजायची.

घडलं होतं ते सांगायला सोपं आहे. कारखान्याच्या आवारात मालाच्या डब्यांसाठी रूळ होते आणि ते जरासे उतारावर होते. चालणाऱ्याला कळू नये इतकेच, पण सुटलेल्या डब्याला बरोबर कळावं इतके. डबे लावायचं काम मेव्हण्याकडे, डब्यांच्या मोडक्या फळ्या बदलायचं सुताराकडे. डबा जागेवर लावला की त्याच्या कुशीला असलेला लांब लोखंडी दांडा खाली दाबायचा. मग पोटाखालचे गुटके चाकांना आवळून धरतात आणि डबा हलत नाही. त्या दिवशी मेव्हण्यानं एक डबा लावला, इंजिन सोडवून दिलं आणि तोंडावर पाणी मारायला गेला. खाली, रूळ संपतात तिथल्या लाकडी अडसरापाशी, सुतार दुसऱ्या डब्याची फळी ठोकत होता. वरचा डबा मुकाट निघाला. पुढचं रंगवून सांगणाऱ्यांची मला किळस येते. डबा अडसरावर चढला आणि कुशीवर कोसळला, पण कोसळायच्या आधी त्याला हवं ते घेऊन गेला.

चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबाच्या पँटला कडक इस्त्री होती, आणि इस्त्रीची पँट घालून माणूस डब्याखाली वाकत नाही. क्रेननं डबा उभा केला. साहेबानं जवळच्या बाजूचा दांडा दाबायला लावला, गुटके चाकांना घट्ट बसले. ब्रेक उत्तम, म्हणजे माणूस खोटारडा. मेव्हणा जीव तोडून सांगत राहिला, की अलीकडे कोळशाचा ढीग ओतला होता, मी वळसा घालून पलीकडून गेलो, पलीकडचा दांडा दाबला. डबा दुरुस्तीहून नुकताच आला होता. आधी त्याला एकाच बाजूला दांडा होता, आता दोन्ही बाजूंना बसवून आणला होता. साहेब म्हणाला, "मग तर तुझी सोयच झाली होती." मेव्हण्याला कामावरून काढलं. डबा भंगारात गेला. सगळ्यांचे हात धुऊन झाले.

घरी बसलेला माणूस काय करतो? काही देवाच्या मागे लागतात, काही सुनेच्या. सुतार त्या आवाराच्याच मागे लागला. मागच्या खोलीत दोन जुनी दारं लाकडी घोड्यांवर टाकून त्यावर त्यानं अख्खं आवार उभं करायला घेतलं. खऱ्यातला एक हात म्हणजे इथे करंगळीचं नख, हे माप. विकत आणलेलं काही नाही. पत्र्याची छपरं टूथपेस्टच्या रिकाम्या नळ्यांची: नळी कापून, सपाट करून, बारीक कंगव्यावर घासली की पन्हळी उठतात. सिग्नलच्या केबिनच्या काचा औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या. रिव्हेटं म्हणजे पातळ पत्र्याला मागून सुईनं दिलेले टोचे, एका रांगेत, श्वास धरून. डब्यांच्या फळ्या प्लास्टिकच्या शीटवर सुरीच्या बोथट पाठीनं ओढायच्या, मग करवतीच्या तुटक्या पात्यानं खरवडून त्यात लाकडाच्या रेषा आणायच्या. जन्मभर लाकूड कापलेल्या माणसानं प्लास्टिकचं लाकूड करायचं, ही थट्टा त्याला कळत होती. कोळसा मात्र खरा, खलात कुटून गाळणीतून काढलेला. एकदा शेजारी "छान खेळणी आहेत" म्हणाला. त्याला सुतारानं दार दाखवलं, आणि ते दार कसं उघडतं तेही दाखवलं.

आवारातलं सगळं तिथे होतं. वजनकाटा, पाण्याची टाकी, भिंतीवरच्या ओलीचा डाग, माल उतरवणाऱ्यांची मोडकी बाकं. तो डबा तेवढा नव्हता. त्याच्या जागेवर रूळ रिकामे होते आणि बायको तिथली धूळ रंगाच्या ब्रशनं झाडायची.

"तो चाललाय," एके सकाळी तिनं सांगितलं.

"कोण?"

"माझा भाऊ. नाव घेतलं की तुम्हाला खोकला येतो म्हणून घेत नाही. लेकीकडे चाललाय, कायमचा. खोली सोडली त्यानं. जाण्याआधी एकदा माझ्या हातचं जेवून जाऊ दे, बाकी काही मागत नाही मी."

सुतारानं सुरी खाली ठेवली. "येऊ दे."

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"फक्त जेवणाआधी एक वाक्य म्हणू दे. ब्रेक लावायला विसरलो. मग खुशाल जेवू दे. वाटलं तर माझ्या ताटातलं घेऊ दे."

"आणि नाही म्हणाला तर?"

"म्हणायला लावीन."

कसं, ते त्यानं मनाशी ठरवलं होतं. तो डबा बनवायचा, हुबेहूब. दोन्ही बाजूंचे दांडे दाबले की गुटके खरोखर चाकांना लागतील असा. मग मेव्हण्याच्या पुढ्यात ठेवायचा, फळी तिरकी करायची आणि म्हणायचं, दाब हा, दाब तो. हलतो का डबा? मग त्या दिवशी कसा हलला? एवढ्या मायेनं सूड क्वचितच कोणी घडवला असेल.

अशी छोटी आवारं बनवणाऱ्यांच्या जगात हे वेडेपणाचं काम. ब्रेकचा दांडा सगळेच करतात, पण नुसता तारेचा तुकडा चिकटवून. तो दाबायला कोण जातंय? सुतारानं पितळेची तार घेतली, पोटाखालून एक आडवी कांब काढली, तिला दोन्ही टोकांना दांडे सोल्डर केले, मधून गुटक्यांना जोडण्या दिल्या. त्याच्याकडे डब्याचा एक जुना फोटो होता, एकाच बाजूचा. दांडा उजव्या हाताला, खाली लोंबणारा. पलीकडची बाजू त्यानं तशीच केली, दांडा उजव्या हाताला. या कामात सगळे हेच करतात. एक बाजू दिसते, दुसरी तिच्यावरून करायची. लोखंड हा त्याचा प्रांत नव्हता. खऱ्या डब्यांतही त्याचा संबंध फळ्यांशी. फळ्यांच्या खाली काय आहे ते दुसऱ्याचं खातं.

डबा झाला साबणाच्या वडीहून जरासा लांब. त्यानं रूळ ठोकलेल्या एका सुट्या फळीखाली पुस्तक सारून उतार केला. अलीकडचा दांडा टाचणीनं दाबला. डबा चिकटून बसला. वा. मग पलीकडचा दाबला. डबा रुळांवरून सरळ खाली आला, टेबलावरून सुटला आणि दारात शेंगा सोलत बसलेल्या बायकोच्या टोपलीत पडला.

तिनं तो शेंगांमधून उचलला, फुंकर मारली. "तुमच्या डब्याला माझ्या भावाचं म्हणणं पटलेलं दिसतंय."

"सोल्डर सुटलं असेल."

"असेल."

सोल्डर सुटलं नव्हतं. त्यानं जोडण्या काढल्या, पुन्हा बसवल्या. पुन्हा तेच. अलीकडचा दांडा दाबला की गुटके आवळतात, पलीकडचा दाबला की गुटके चाकांपासून लांब होतात. त्यानं नवी कांब घातली. परत तेच. तो डब्याला म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायको दुसऱ्या खोलीत निघून गेली, आणि जाताना हसत होती असा त्याला संशय आला.

शेवटी, मेव्हणा जेवायला यायचा त्या दिवशी, त्यानं डबा साबणाच्या डबीत घातला, पाय बांधला आणि घड्याळजीकडे गेला.

घड्याळजी घड्याळं दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात तशीच छोटी इंजिनं बनवायचा. त्याचं दुकान म्हणजे रस्त्यावरचं एक कपाट. गल्ला पुढ्यात, मागे त्याची पाठ टेकेल एवढी भिंत, आणि त्या भिंतीवर टिकटिकणारी घड्याळं. त्यातलं एकही बरोबर नव्हतं, कारण बरोबर झालेली गिऱ्हाईकं घेऊन जायची.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं, डबा उलटा धरला, दोन्ही दांडे नखानं दाबून पाहिले आणि खुसूखुसू हसायला लागला.

"दात काय काढतोस," सुतार म्हणाला.

"अरे, सायकल चालवलीस ना कधी? दोन पाय होते तेव्हा?"

"पुढे बोल."

"पायडलं दोन, आस एक. पुढचं पायडल दाबलं की आस पुढे फिरतो. मागचं दाबलंस तर?"

"मागे फिरतो."

"मग तू काय केलंस? दोन्ही बाजूंना दांडा उजव्या हाताला. म्हणजे एक दांडा डब्याच्या या टोकाकडे, दुसरा त्या टोकाकडे. पायडलंच झाली की रे. एक दाबला की कांब आवळायला फिरते, दुसरा दाबला की सोडायला. खऱ्या डब्यांत दुसऱ्या बाजूला एक लहानसा लोखंडी तुकडा असतो. दांडा खाली गेला तरी तो कांब उलटी फिरवतो. तू तो गाळलास. सगळेच गाळतात. फोटोत दिसत नाही, मग गाळतात."

"तुला कसा दिसला?"

घड्याळजीनं गल्ल्याखालून जाडजूड अल्बम काढला. त्यात नुसते उलटलेले डबे होते. रुळांवरून घसरलेले, खड्ड्यात आडवे झालेले, चाकं आभाळाकडे केलेले. उभ्या डब्याचं पोट कोण दाखवतंय? ते बघायचं तर अपघाताचाच फोटो हवा. त्यामुळे बनवणारे लोक अपघाताचे फोटो असे जमवतात जशी बाकीची माणसं लग्नाचे जमवतात. जगाला यात निर्दयपणा दिसतो. असेल. पण साहेबानं यातला निम्मा निर्दयपणा केला असता तरी बरं झालं असतं.

घड्याळजी पानं उलटत होता. "हा बघ तो तुकडा. इथेही आहे. आणि हा..." त्याचा हात थांबला. त्यानं दोन पानं एकदम उलटली.

"मागे घे," सुतार म्हणाला.

"काही नाही रे त्यात."

"घड्याळजी, मागे घे."

"तुला नको असेल म्हणून कधी दाखवला नाही. वर्तमानपत्राच्या माणसाकडून मिळाला होता मला. पण तूही इतकी वर्षं कधी विचारलं नाहीस..."

सुतारानं अल्बम आपल्याकडे ओढला. लाकडी अडसर. त्याला टेकून कुशीवर पडलेला डबा. फळ्या त्यानंच बसवलेल्या, त्यातली एक जरा गडद, तीही ओळखीची. फोटोच्या कडेला एक बूट होता. त्या बुटाकडे त्यानं पाहिलं आणि पुढे गेला. भिंग मागितलं. डब्याच्या पोटावर आडवी कांब स्पष्ट दिसत होती. एका टोकाला दांडा, थेट जोडलेला. दुसऱ्या टोकाला दांडा, नवा कोरा, तोही थेट जोडलेला. मध्ये कुठलाही तुकडा नव्हता.

सुतारानं भिंग घड्याळजीकडे सरकवलं.

"वर्कशॉपवाल्यांनी," सुतार म्हणाला, "माझ्यासारखंच केलं. एक बाजू बघितली आणि दुसरी तशीच केली."

घड्याळजीनं फोटोवर भिंग धरलं. मग डबीतल्या डब्याकडे पाहिलं. "अरे देवा," तो हळूच म्हणाला.

"त्यानं दाबला होता. पलीकडचा दाबला होता. दाबला म्हणूनच सुटला." सुतार अर्धवट उठला. "आणि साहेबानं अलीकडचा दाबून बघितला."

"बस जरा. पाणी घे."

"पाणी नको. हा फोटो दे."

वाटेत त्याला कातडी पाय टोचत होता, पण शिवी द्यायला सुचली नाही. खरं म्हणजे त्याला आत काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटत होतं आणि तेच त्याला कळेना. वाईट वाटायला हवं होतं. इतकी वर्षं एका खऱ्या माणसाला खोटं ठरवून घराबाहेर ठेवलं. वाईट वाटतही होतं. पण त्याच्या खाली, तळाशी, काहीतरी सैल होत होतं. कापलेल्या पायापाशी उभं राहून त्याच्याशी कोणी खोटं बोललं नव्हतं.

घरी बायको नव्हती. भावाला आणायला ती स्वतः गेली होती. गॅसवर झाकलेली पातेली होती, ताटं मांडलेली होती, तीन. तिसऱ्या ताटाकडे बघून सुतारानं नाक ओढलं. मग त्यानं जेवणाच्या टेबलावर फळी ठेवली, खाली पुस्तक सारलं आणि वर डबा ठेवला.

मेव्हणा आला तो दारातच थांबला. आधी शिडशिडीत होता, आता नुसता सांगाडा. हातातली पिशवी कुठे ठेवायची ते त्याला कळत नव्हतं. बायको त्याच्या मागे उभी राहून त्याच्या पाठीवर हात ठेवत होती, शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला आत ढकलतात तसा.

"ये," सुतार म्हणाला.

मेव्हणा आत आला. घसा खाकरला. त्यानं बहिणीकडे एकदा पाहिलं, आणि त्या बघण्याचा अर्थ सुताराला लागला.

"दाजी, जेवणाआधी मला एक सांगायचंय," मेव्हणा पाठ केल्यासारखं म्हणाला. "त्या दिवशी मी ब्रेक लावायला..."

"गप."

"नाही, म्हणू द्या मला. ताईला शब्द दिलाय. मी विस..."

"गप म्हणतो ना," सुतार ओरडलाच. "तोंडातून एक अक्षर काढलंस तर जेवायला मिळणार नाही."

बायको पुढे आली. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, हे वाक्य म्हणू दे म्हणून? त्याला मी रस्ताभर तयार करत आणलाय."

"मी गाढव आहे म्हणून म्हणालो."

"हे आज कळलं?"

"आजच. बसा दोघं."

दोघं बसली. सुतारानं मेव्हण्याच्या हातात टाचणी दिली. "तो अलीकडचा दांडा दाब. हळू, तार पातळ आहे."

मेव्हण्यानं दाबला. सुतारानं डब्यावरचं बोट काढलं. डबा उतारावर चिकटून राहिला.

"आता सोड. आता पलीकडचा दाब. तू दाबला होतास तसा."

मेव्हण्यानं मान वर केली. सुतार त्याच्याकडे बघत नव्हता, डब्याकडे बघत होता. मेव्हण्यानं टेबलाला वळसा घातला. त्याची गरज नव्हती, हात सहज पोचला असता, पण त्यानं वळसा घातला. पलीकडून टाचणी टेकवली, दांडा खाली गेला. गुटके उघडले. डबा निघाला, मुकाट, आणि बायकोच्या ताटावर जाऊन टणकन आदळला.

सुतारानं फोटो पुढे सरकवला, बोटानं कांब दाखवली, दोन दांडे दाखवले, सायकलच्या पायडलांचं सांगितलं. चांगलं सांगता आलं नाही. घड्याळजीनं जास्त नीट सांगितलं होतं. पण मेव्हण्यानं डबे लावण्यात हाडं झिजवली होती, त्याला अर्ध्यातच कळलं.

"म्हणजे मी दाबला होता," तो म्हणाला.

"दाबला होतास."

"मी दाबला होता, ताई."

"ऐकलं रे," बायको म्हणाली. तिनं पदर डोळ्याला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"खरं सांगू का दाजी," मेव्हणा खुर्चीत मागे रेलला. त्याच्या अंगातून कोणीतरी खिळे काढल्यासारखा तो सैल पडला होता. "आधी पक्कं आठवायचं. हाताला दांड्याचं गार लोखंड आठवायचं. मग सगळे नाही नाही म्हणत गेले, आणि मलाच वाटायला लागलं, की दाबला ते आदल्या दिवशीचं असेल. अलीकडे तर मी मनात म्हणायचो, विसरलाच असशील, कबूल करून मोकळा हो. आज ते म्हणायलाच आलो होतो. खोटं आहे की खरं, ते माझं मलाच माहीत नव्हतं."

माफी मागायची सुताराला सवय नव्हती, आणि ज्याला सवय नाही त्यानं मागितलेली माफी भीक मागितल्यासारखी वाटते. त्यानं मेव्हण्याच्या ताटात आधी वाढलं. मग आणखी वाढलं.

"मारतोस काय त्याला," बायको पदरामागून म्हणाली. ती सुताराला "तू" म्हणाली होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

जेवण लांबलं. मेव्हणा एक घास घ्यायचा, डबा उतारावर चढवायचा, अलीकडून दाबायचा, पलीकडून दाबायचा. दर वेळी डबा सुटला की तो हसायचा, तोंडात घास असतानाही. सुतार त्याला मागच्या खोलीत घेऊन गेला. मेव्हण्यानं दोन दारांवरचं आवार वाकून पाहिलं, कोळशाच्या ढिगाजवळ थांबला आणि म्हणाला, "हा ढीग इथे नव्हता. आणखी पुढे होता, अगदी रुळाला लागून."

"उद्या सरकवतो."

"आणि हे बाक मोडकं नव्हतं."

"ते मोडकंच होतं."

"नव्हतं दाजी. माझ्यानंतर मोडलं असेल."

"बरं, असेल." असं सुतार सहसा म्हणत नसे.

निघायची वेळ झाली तेव्हा मेव्हणा डबा हातात घेऊन घुटमळला. सुतारानं ओळखलं. "थांब, तो नेऊ नकोस. म्हणजे घे, पण हा नको. याच्यात तो तुकडा बसवतो, नीट करतो, मग तुझ्या लेकीकडे पाठवतो. दोन्ही बाजूंनी लागेल असा."

"नको," मेव्हणा म्हणाला. "नीट नका करू. हाच द्या."

"अरे, बिघडलेला आहे."

"म्हणूनच."

सुतारानं साबणाची डबी आणली. मेव्हण्यानं आपला पायमोजा काढून तिच्यात पसरला आणि त्यावर डबा झोपवला, कुशीवर नाही, सरळ चाकांवर. बायकोनं त्याच्या पिशवीत दोन डबे कोंबले, हे मात्र जेवणाचे, आणि दारापर्यंत आली.

"पोचलास की कळव. आणि तो सांभाळून ठेव. उतारावर ठेवू नकोस."

"ठेवला तरी काय," मेव्हणा जिना उतरता उतरता म्हणाला. "आता मला माहितीये कुठल्या बाजूनं दाबायचा."

सुतार दारात उभा राहून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग मागच्या खोलीत गेला, दिवा लावला, चिमटा घेतला आणि कोळशाचा ढीग रुळाला लागून सरकवायला बसला.